हिरव्या साडीचं माप

१

घरात बसायला जागा राहिली नाय, हे पहिलं लिहितो. पुढचं सगळं त्याच्यातूनच झालं.

मुकुंदवाडीत स्टेशनच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं घर. ते मी मशीनच्या पायट्यावर पाय मारून बांधलं. बन्सी टेलर म्हणून विचारा, जुनी माणसं बोट करून दाखवतील. शाळा तिसरीपर्यंत. ही वही मापाची हाय, मागची पानं कोरी होती म्हणून यात लिहितोय. अक्षराला नावं ठेवू नका.

पोरगा राजकुमार वाळूजला कंपनीत. दोन बसा बदलून जातो, पहाटे निघतो ते अंधार पडल्यावर घरात. सून निशा. शिकलेली हाय, त्याबद्दल तक्रार नाय. तक्रार तिच्या धंद्याची हाय. गेल्या साली तिनं घरबसल्या धंदा काढला. दुसऱ्या बायांनी नेसून ठेवलेल्या साड्या घ्यायच्या, धुवायच्या, इस्त्री मारायची, मोबाईलवर फोटो टाकायचा आणि विकायचं. कुठली नांदेडची बाई, कुठली नागपूरची. ना ओळख ना पाळख. परक्या बाईच्या अंगावरून उतरलेली साडी माझ्या खाटेवर येऊन पडते, आणि मी तिला जागा द्यायची.

"मामा, पाय वर घ्या, खाली नागपूरचं पार्सल आहे."

"नागपूरचं पार्सल माझ्या खाटंखाली काय करतंय?"

"रिटर्न आलंय."

"मग मी पण रिटर्न जातो."

"कुठं?"

पाय वर घेतले.

मोबाईलसमोर पांढरी भिंत लागते म्हणून तिनं माझ्या बायकोचा, कडूबाईचा, फोटो उतरवला आणि शिलाई मशीनवर ठेवला. तिथं तीन पायांचा गोल दिवा उभा केला. रविवारी त्या दिव्यापुढं एकेक साडी नेसून उभी राहते आणि मोबाईलशी बोलते, "ताई, काठ बघा, पदर बघा." त्याला लाईव्ह म्हणतात. तेवढा वेळ मी खोकायचं पण नाय. स्वतःच्या घरात.

एक दिवस म्हणाली, "मामा, या साड्यांचे जुने फॉल विटलेत. उसवून नवे लावून द्याल का?"

म्हटलं, "मी टेलर हाय. उतरलेल्या साड्यांची चाकरी करणार नाय."

दुसऱ्या दिवशी ब्लेड घेऊन बसलो. रिकामा माणूस घरात कपाटासारखा होतो, लोक त्याच्यावर सामान ठेवायला लागतात. सकाळी उसवायचं, जेवून तासभर भिंतीकडं तोंड करून पडायचं, चहा झाला की नवा फॉल लावायचा. खालची कड मशीनवर, वरची हातानं तुरपाई. हात विसरले नव्हते. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. पण ते मी निशाला कळू दिलं नाय.

२

नांदेडहून जांभळी साडी आली होती. उसवायला घेतली आणि ब्लेड थांबलं. टाके उलटे कलले होते.

शिवणाऱ्याला हे सांगावं लागत नाय, पण तुम्हाला सांगतो. उजव्या हाताची तुरपाई एका अंगाला कलते, डाव्या हाताची दुसऱ्या. चाळीस वर्षांत मी डाव्या हाताची तुरपाई एकाच बाईची पाहिली. कडूबाईची. शिवाय शेवटाला पिवळ्या दोऱ्याची गाठ, तीन वेढ्यांची. साडी जांभळी असो का काळी, गाठ पिवळीच. नजर लागू नये म्हणून घालायची. इथंही होती.

मनाशी म्हटलं, यात काय नवल. निम्म्या मुकुंदवाडीचे फॉल तिनं लावले. साडी कुणाच्या लेकीबरोबर नांदेडला गेली असंल, आली फिरून. गाठ मात्र उसवली नाय, कापून बंडीच्या खिशात टाकली.

आठवड्यानं एक कोरी साडी आली. कुण्या बाईला आहेरात आली होती आणि तिला रंग आवडला नव्हता. घडी मोडलेली नाय, लेबल सुद्धा तसंच. टाके उलटे. गाठ पिवळी. लेबलावरचं साल मी दोनदा वाचलं, आकडे मला वाचता येतात. गेल्या सालचं. कडूबाईला जाऊन सहा वर्षं झाली.

म्हटलं, असंल दुसरी कुणी डावखुरी. डावा हात काय हिनं विकत घेतला होता?

मग एक शेंदरी साडी आली. तिचा फॉल मी स्वतः सकाळी उसवला, नवा नुसता टाचून खाटेवर ठेवला, जेवलो, पडलो. उठून बघतो तर वरच्या कडेला वीतभर तुरपाई झालेली. उलटी. दोरा पिवळा. पुढं सुई टोचून ठेवलेली होती आणि सुईत दोरा नव्हता.

पिवळ्या दोऱ्याची रीळ या घरात नाय. जी होती ती मी कडूबाईच्या उशाला ठेवली होती, तिरडीवर. माझ्या हातानं.

आणि ती मोकळी सुई. शेवटची तीन वर्षं कडूबाईला मोतीबिंदू होता. शिवायची नुसत्या बोटांच्या अंदाजानं, पण सुई ओवता यायची नाय. "अवं, सुई ओवून द्या की." रोज सकाळी सात सुया ओवून कॅलेंडरला टोचून ठेवायचो, आणि रोज कुरकूर करायचो. "डोळे कुठं गहाण टाकलेस? मला काय दुसरं काम नाय?" ती ऐकून घ्यायची.

मी निशावर ओरडलो. "माझ्या कामाला हात लावायचा नाय!"

"मला सुई धरता येते का मामा? माझं बटण सुद्धा तुम्हीच लावता."

ते खरं होतं. म्हणून आणखीच राग आला.

३

आता जे लिहितो ते कुणाला सांगितलं नव्हतं. राजकुमारला पण नाय.

कडूबाई सकाळी नऊ वाजता गेली. चहा पिऊन कप खाली ठेवला, आणि गेली. तिचा भाऊ मोतीराम पैठणला, साडी विणायच्या मागावर बसतो. त्याला फोन केला, तो एसटीनं दोनच्या सुमाराला आला. आमच्यात नवरा जिता असताना बाई गेली की तिला माहेरची साडी नेसवून नेतात. ते तिचं शेवटचं माहेर. मोतीरामनं स्वतःच्या मागावरची साडी आणली. हिरवीगार, अस्सल रेशीम, काठाला नारळी नक्षी. दारातच माझ्या हातात दिली. "दाजी, ताईला नेसवा," म्हणाला आणि उंबऱ्यावर बसला.

साडी घेऊन मी आत गेलो. आंघोळ घालून झाली होती. शेजारच्या आशाबाई हळदकुंकू आणायला बाहेर गेल्या, बाकीच्या बाया पाणी काढत होत्या. घटकाभर आम्ही दोघंच. मी साडीचा काठ चिमटीत धरून चोळला. टेलरचा हात, दुसरं काय. मनात आलं, असला माल जाळायचा? वाकलो आणि मोठ्यानं बोललो, "कडू, ही राहू दे. सुनेला होईल."

राजकुमारचं तेव्हा लग्न पण ठरलं नव्हतं.

साडी ट्रंकेत टाकली. दोरीवरची हिरवी नायलॉनची काढून आशाबाईच्या हातात दिली. म्हटलं, ही पैठणची. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नेसवली. वरून फुलं पडली, चादर पडली. मोतीरामला दिसलं असंल का नाय, तो काही बोलला नाय.

कडूबाईनं अडतीस वर्षांत मला एकदा पण नाय म्हटलं नव्हतं. तेव्हाही म्हटलं नाय.

पुढच्या साली निशा या घरात आली. साडी तिला द्यायला मी चार वेळा ट्रंक उघडली आणि चार वेळा लावली. तेवढी लाज मला हाय. किल्ली करगोट्याला बांधली ती आजपर्यंत तिथंच हाय.

शेंदरी साडीच्या दुसऱ्या दिवशी, निशा पाणी भरत होती तेव्हा, मी ट्रंक उघडली. हिरवी साडी पंच्यात गुंडाळलेली तशीच होती. उलगडली.

तिला फॉल लागत होता. हिरवी पट्टी, वीतभर तुरपाई, उलटी.

४

मी शिव्या घातल्या. कुणाला ते माहीत नाय. ब्लेडनं टाके उसवले, पट्टी चुरगाळून फेकली, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं.

दुसऱ्या दिवशी दोन विता. उसवले.

तिसऱ्या दिवशी चार. मग उसवणं बंद केलं. हिशोब कळत होता.

मी अडाणी हाय, खुळा नाय. बसून विचार केला. किल्ली माझ्या कंबरेला. ट्रंक माझ्या खाटंखाली. निशाच्या डब्यातल्या हिरव्या पट्ट्या कमी झालेल्या. माझ्या उजव्या हाताच्या बोटाला टोचल्याच्या खुणा, डाव्या हातानं शिवल्यावर होतात तशा. याचा अर्थ एकच, बन्सी, तूच करतोस. दुपारी झोपेत उठतोस आणि करतोस. म्हातारपणी डोकं फिरतं लोकांचं, तुझं फिरलं. खरं सांगतो, हायसं वाटलं. माझं डोकं, माझा मामला.

पण मग मी फॉल कुठून सुरू झालाय ते बघितलं.

फॉल साडीच्या टोकापासून लावत नाय. आतलं टोक कंबरेला खोचलं जातं. कंबरेचा एक फेरा सोडून फॉल सुरू करायचा, म्हणजे पट्टी नेमकी निऱ्यांखाली येते. जाड बाईला जास्त सोडायचं, बारीक बाईला कमी. सगळे अंदाजानं सोडतात. कडूबाई नाय. ती गिऱ्हाइकाला पिवळा दोरा द्यायची, बाईनं तो कंबरेला धरून परत द्यायचा, मग कडूबाई तो विती‌नं मोजायची. तिची वीत लहान, पण माप कधी चुकलं नाय.

कडूबाईची स्वतःची कंबर तिच्याच विती‌नं पाच. साडी तिची असती, तिला नेसायची असती, तर पाच विता सोडून फॉल लागला असता.

तीन सोडल्या होत्या.

या घरात तीन विता कंबर एकाच बाईची हाय.

मी ट्रंकेपुढं बसून राहिलो. बाहेर निशा हंड्यात पाणी ओतत होती. नळ आठव्या दिवशी आलेला, सगळी गल्ली धावपळीत, आणि माझ्या कानात माझंच वाक्य. सुनेला होईल. सुनेला होईल.

मी तिला सांगितलं होतं. ती ऐकत होती. नेहमीसारखं.

त्याच आठवड्यात निशानं कपाटातून स्वेटर काढून घातलं. मे महिना, स्लॅब तापून कुलर गरम हवा फेकतोय, आणि ही पोर स्वेटर घालून इस्त्री करते.

"काय गं, ताप हाय का?"

"ताप नाही मामा. पायाला गार लागतंय. आज गुडघ्यापर्यंत आलंय."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवलं. रक्त कमी आहे म्हणाले."

रक्त कमी. यांना काही कळलं नाय की रक्त कमी. ट्रंकेत तुरपाई जेवढी पुढं सरकत होती, तेवढं हिचं गार वर चढत होतं.

मी साडी आणि काडेपेटी घेऊन गच्चीवर गेलो. म्हटलं, सहा वर्षांपूर्वी जळायची होती, आज जळू दे. काडी ओढली, काठाजवळ नेली. खालून निशा किंचाळली. साडी तिथंच टाकून पळत आलो. तिच्या अंगावरच्या साडीचा काठ करपला होता, घोट्याजवळ, बोटभर. इस्त्री टेबलावर उभी होती. तिच्यापासून दोन हात लांब.

"इस्त्री लागली असेल," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं. "इस्त्रीच."

वर जाऊन साडी आणली. घडी घालून ट्रंकेत ठेवली. काडेपेटी आशाबाईच्या घरी देऊन आलो. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्याकडं लायटर हाय." म्हटलं, "असू द्या."

५

शुक्रवारी निशा खुशीत माझ्यापुढं येऊन बसली. ओठ पांढरे पडलेले, पण हसत होती.

"मामा, मला सगळं माहीत आहे."

"रविवारी धंद्याला वर्ष होतंय. तुम्ही माझ्यासाठी हिरवी साडी तयार करताय ना, लपून? मी बघितलं. व्हिडिओ पण काढला. रागावू नका, टाकला पण. लई लोकांनी बघितला."

मोबाईल माझ्या हातात दिला.

माझीच खोली. माझीच पाठ. मी खाटेच्या कडेवर भिंतीकडं तोंड करून बसलोय, मांडीवर हिरवं रेशीम, आणि डावा हात चाललाय. मला डाव्या हातानं घास पण तोंडात घालता येत नाय. तो हात असा चालला होता जसा मी अडतीस वर्षं शेजारी बसून बघितला. अंगुस्तानाची पत्र्याची टोपी घातलेलं बोट, टाक्याला टाका, मधे न थांबता. व्हिडिओत निशाचा आवाज हळू येत होता, "हे माझे सासरे, बन्सी टेलर. वरून काटेरी आहेत."

मग हात थांबला. मान न वळवता हात मागं आला. सुई पुढं केलेली, दोरा संपलेला.

"तुम्ही काही बोलला नाहीत," निशा म्हणाली. "मला कळलं, दिसत नसेल. ओवून दिली मी."

"तू ओवलीस?"

"रोज ओवते की. चार-पाच दिवस झाले. पुढं बघा ना."

पुढं हात पुन्हा मागं आला. या वेळी बोटात पिवळा दोरा, लांब. "माप पाहिजे?" निशाचा आवाज. दोरा निशाकडं गेला. मोबाईल हलला, भिंत दिसली, दिवा दिसला. मग तिचा हात कंबरेवरचा दोरा चिमटीत धरून परत देताना. दोरा भिंतीकडं गेला, मांडीवर. वीत पडली. एक. दोन. तीन. तिथं व्हिडिओ संपला.

"रविवारी लाईव्हला हीच नेसणार," ती म्हणाली.

"नाय."

"का?"

"नाय म्हणजे नाय! माझ्या ट्रंकेतली साडी हाय. मला न विचारता जगाला दाखवतेस? लाज नाय वाटत?"

तिचे डोळे भरले. "पाच वर्षं झाली मला येऊन. एकदा पण चांगलं बोलला नाहीत. मी कोपऱ्यात ठेवलेल्या पार्सलसारखी राहते इथं. मला वाटलं, एवढं शिवताय माझ्यासाठी, म्हणजे मनात काहीतरी असेल. मी नेसणार मामा. तुम्ही काही पण म्हणा. उघड्यावर एकदा तरी तुमचं नाव घेऊन नेसणार."

असं बोलते ही. मी तिला काय सांगायचं? पण दोन दिवस राहिले होते, आणि तिनं स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या होत्या.

सांगितलं. सगळं. मोतीरामची साडी, नायलॉनची साडी, ट्रंक. "ती तुझी साडी नाय पोरी. मढ्यावर घालायची हाय. तुझ्या सासूच्या मढ्यावरची."

कुलरचं पाणी टपटपत होतं. मग तिनं हळूच विचारलं,

"मग माप माझं का घेतलं?"

६

शनिवारी दुपारी निशाला मी आशाबाईच्या घरी पाठवलं. जाताना तिला बजावलं, "मी, का आणखी कुणी, सुई पुढं केली तर ओवायची नाय. दोरा दिला तर धरायचा नाय." तिनं मान हलवली. चालताना भिंतीला धरून चालत होती. गार कंबरेपर्यंत आलं होतं.

कडूबाईचा फोटो मशीनवरून उचलला आणि ट्रंकेवर ठेवला. दार लावून तिच्याशी बोललो. भांडलोच.

म्हटलं, कडू, तुला काही अक्कल? माणूस शंभर गोष्टी बोलतो. चहा कडू झाला म्हणतो, मर म्हणतो, ते काय खरं असतं? अडतीस वर्षं मी जे बोललो ते तू केलंस. एकदा पण तोंड वर करून म्हणाली नायस की बन्सी, तू चुकतोस. त्या दिवशी उठून बसली असतीस, माझ्या थोबाडीत मारून साडी घेतली असतीस, तर मी काय नाय म्हटलं असतं? आणि आता मेल्यावर पण माझंच ऐकतेस! त्या पोरीनं तुझं काय घोडं मारलं? तिनं तुला बघितलं पण नाय. सुई ओवून देते तुला, ती पण कुरकूर न करता. मी कधी दिली अशी?

तिची फोटोतली नजर पण खालीच हाय.

मग म्हटलं, ऐकायचंच असंल तर आता हे ऐक. ते वाक्य मी मागं घेतलं. सुनेला होणार नाय. साडी ज्यानं ठेवली त्यालाच होईल.

जांभळ्या साडीची पिवळी गाठ बंडीच्या खिशात होती. ती पांढऱ्या दोऱ्याला बांधली. दोरा कंबरेला धरला, पोटावरून, जसं बाया धरायच्या. आयुष्यभर लोकांची मापं घेतली, माझं माप कुणी घेतलं नव्हतं. दोरा तोडून खाटेच्या लोखंडी कडेवर ठेवला. आणि दोन्ही हात उशीखाली घालून, त्यावर डोकं ठेवून, भिंतीकडं तोंड करून पडलो. म्हटलं, झोपायचं नाय. बघू कोण उठतंय ते.

झोपलो नाय. हे मी लिहून देतो. कुलर चालू होता. स्टेशनात गाडी थांबली आणि गेली. आशाबाईच्या घरात टीव्ही चालू होता, निशा काहीतरी बोलली ते पण ऐकलं.

मग खाट पाठीमागं जराशी दबली. बसल्यावर दबते तशी. कडूबाई जाड होती.

लोखंडावर आवाज झाला, टक. अंगुस्तानाचा. पुढं परत, टक. दोऱ्यावर वीत टाकली की अंगुस्तानाचं बोट कडेला टेकतं, त्याचा तो आवाज. मी मोजला. तीन म्हणजे निशाचं माप. चौथ्यांदा टक झालं.

मग थांबलं.

मी मान वळवली नाय. धाडस नव्हतं असं समजा. पण भिंतीला माझा आरसा टांगलाय, दाढीचा, तळहाताएवढा. त्यात खाटेची कड दिसते, बाकी काही नाय. कडेवर एक हात होता. चौथ्या विती‌वर अंगठा दाबून धरलेला, माप विसरू नये म्हणून धरतात तसा. नखांना हळद होती.

माझे दोन्ही हात उशीखाली होते. डोक्याचा भार त्यांच्यावर होता, बोटांना मुंग्या आल्या होत्या.

७

रविवारी निशानं शेंदरी साडी नेसून लाईव्ह केलं. स्वेटर सकाळीच काढून ठेवलं होतं. "मामा, आज उकडतंय बघा," म्हणाली आणि हसली. मी म्हटलं, "मे महिन्यात उकडणार नाय तर काय. औरंगाबाद म्हणा का संभाजीनगर म्हणा, ऊन तेच." तेवढं बोललो. मग लाईव्हमधे मुद्दाम खोकलो. तिनं मोबाईल माझ्याकडं वळवला, "हे आमचे मामा." हात जोडावे लागले.

ती मोबाईल ठेवून आशाबाईंकडं गेल्यावर ट्रंक उघडली. जुनी तुरपाई सगळी निघाली होती, एका टाक्याची खूण नाय. फॉल चार विता सोडून सुरू झाला होता. माझ्या मापानं. पुढं सहा विता शिवून तयार.

माझ्या पायाला आता गार लागतंय. मोजे घातलेत. राजकुमारनं विचारलं, तर म्हटलं, रक्त कमी हाय.

आज बुधवार. एक वीत राहिलीय.

राजकुमार, ही वही तुला मापाच्या पेटीत सापडेल. ट्रंकेतली हिरवी साडी मला नेसवायची. लोक हसतील, हसू दे. बापाला साडी नेसवून नेली म्हणतील, म्हणू दे. निऱ्या नीट येतील, माप बरोबर हाय. मोतीराममामाला आधी बोलाव, त्याच्या हातानं घाल, आणि त्याला सांग की दाजी खोटं बोलला होता. विकू नका. दुसऱ्या कुणाला कितीही आवडली तरी देऊ नका. निशाला हात लावू देऊ नको. कडूबाईचा फोटो भिंतीवर परत लाव, दिवा दुसरीकडं ठेवा.

दुपारचं जेवण झालं. मघाशी ट्रंकेवर मोकळी सुई दिसली. बघून न बघितल्यासारखं केलं, चहा घेतला. परत बघितलं तर ती खाटेच्या कडेवर आली होती, दाराकडं टोक करून. दाराबाहेर निशा पार्सलं बांधत होती. मी नाय ओवली तर ती कुणापुढं जाणार, हे सांगायला शाळा लागत नाय.

सुई उचलली. उजेडाकडं धरली. दोन वेळा दोरा चुकला, तिसऱ्यांदा गेला.

"डोळे कुठं गहाण टाकलेस?" मी म्हटलं. "मला काय दुसरं काम नाय?"

त्या कुरकुरीशिवाय कडूनं सुई घेतली नसती.